सरहद्द नालासोपाऱ्यापर्यंत आली आहे: निर्वासित, ‘घुसखोर’ आणि संशयित नागरिक

नालासोपारा, विरार, वसई फाटा. या भागातली एक बातमी आपण वरचेवर वाचतो: अमुक इतके ‘बांगलादेशी’ ताब्यात. बातमी चार ओळींची असते. पकडलेल्या माणसांचं पुढे काय झालं, त्यांची मुलं कुणाकडे राहिली, त्यातला कुणी भारतीयच निघाला का, हे सांगणारी पाचवी ओळ सहसा येत नाही.

ती बातमी वाचून घराघरांत मात्र प्रश्न विचारले जातात. आधार कार्ड आहे, मग भीती कशाची? निर्वासित आणि घुसखोर यांत फरक काय? भाडेकरू बंगाली बोलतो म्हणून त्याला रूम खाली करायला सांगायची का? पोलिसांनी कुणाला नेलं तर कुठे जायचं? या प्रश्नांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून आम्ही हा लेख तयार केला आहे. तो जपून ठेवावा आणि ज्याला गरज आहे त्याला वाचून दाखवावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. देशात कोण आलं, कसं आलं, याची तपासणी करण्याचा हक्क प्रत्येक सरकारला आहे. खोटे दाखले बनवणारे आणि गरीब मुलींना नोकरीचं आमिष दाखवून सीमेपलीकडून आणून विकणारे दलाल पकडलेच पाहिजेत. त्याबद्दल आमचं दुमत नाही. आमचा प्रश्न तपासणी कशी होते आणि चूक झाली तर तिची किंमत कोण मोजतो, एवढाच आहे.

शब्द आधी समजून घेऊ

निर्वासित म्हणजे आपला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळ होईल या रास्त भीतीने देश सोडलेला माणूस. ही व्याख्या १९५१ च्या जिनिव्हा करारातली आहे. ‘मला आश्रय द्या’ असा अर्ज ज्याने केला आहे पण ज्याचा निर्णय अजून लागलेला नाही, तो आश्रय मागणारा.

स्थलांतरित म्हणजे कामधंद्यासाठी गाव सोडलेला माणूस. मुर्शिदाबादहून नालासोपाऱ्यात सेंटरिंगच्या कामाला आलेला मजूर आणि रत्नागिरीहून दुबईला गेलेला आपला भाऊ, दोघेही स्थलांतरित. बेकायदा स्थलांतरित म्हणजे योग्य कागदपत्रांशिवाय देशात आलेला किंवा मुदत संपल्यावरही राहिलेला परदेशी माणूस. ‘घुसखोर’ हा शब्द कायद्यातला नाही, भाषणातला आहे.

राज्यविहीन म्हणजे ज्याला कोणताच देश आपला नागरिक मानत नाही तो. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांची गत अशी करून टाकली. ज्या माणसाला देशच नाही, त्याला ‘तुझ्या देशात परत जा’ सांगून तो जाणार कुठे?

शेवटची एक संकल्पना: जिथे माणसाच्या जिवाला धोका आहे तिथे त्याला परत ढकलायचं नाही. निर्वासितांबद्दलच्या साऱ्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया हा आहे.

भारतात निर्वासितांचा कायदाच नाही

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि १९६७ च्या पूरक करारावरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही देशात नाही. तरीही आपल्या देशाने मोठ्या मनाने माणसं सामावून घेतली आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावण्या उघडल्या गेल्या आणि १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर उभं राहिलं. तिबेटींची वसाहत गोंदिया जिल्ह्यात आजही आहे. पूर्व बंगालमधून आलेली हिंदू कुटुंबं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वसवली गेली. १९७१ मध्ये तर सुमारे एक कोटी लोक सीमा ओलांडून भारतात आले होते.

म्हणजे इच्छा असली की जागा निघते. पण कायदा नसल्यामुळे कुणासाठी जागा काढायची हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहतं. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना नागरिकत्वाची वाट मिळाली. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी लागू झाले. मुस्लिम त्यात नाहीत. अफगाणिस्तानातला हजारा आणि पाकिस्तानातला अहमदिया यांचाही छळ होतो, पण तेही नाहीत. म्यानमार हा देशच त्या यादीत नसल्याने रोहिंग्यांचा प्रश्नच येत नाही.

उरतो तो परदेशी नागरिकांचा सर्वसाधारण कायदा. आधी तो १९४६ चा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या आणि आणखी तीन जुन्या कायद्यांच्या जागी ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५’ आला आहे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट कागद वापरल्यास २ ते ७ वर्षं कैद आणि दंड. जीव वाचवायला पळून आलेला आणि चोरटा धंदा करायला आलेला, यांत हा कायदा फरक करत नाही.

त्यातली सर्वांत महत्त्वाची तरतूद जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही आहे. ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच टाकलेली आहे. एरवी गुन्हा सिद्ध करायचा तो सरकारने. इथे उलटं आहे, आणि म्हणूनच या कायद्याची झळ परदेशी माणसापुरती राहत नाही. ज्याच्याकडे कागद नाही किंवा ज्याचा कागद कुणी बघितलाच नाही, त्या भारतीयालाही ती लागते.

जून २०२५ मध्ये काय घडलं

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सांगितलं की बांगलादेश आणि म्यानमारच्या संशयित नागरिकांची पडताळणी ३० दिवसांत उरका. त्यानंतर देशभर धरपकड वाढली. आपल्या खाडीपलीकडच्या मीरा रोड भागातून जूनमध्ये काही बंगाली मजूर ताब्यात घेतले गेले. मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांचं पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर २०२० पासून एकच आहे, म्हणजे ही गोष्ट परक्या गावची नाही.

त्यांतला एक मुर्शिदाबादचा गवंडी होता. घरच्यांनी गावाहून त्याचं मतदार कार्ड, आधार, रेशन कार्ड आणि ग्रामपंचायतीने दिलेली वंशावळ पाठवली. पण ते कागद कामी येण्याआधीच त्याला उत्तर बंगालमधल्या सीमा सुरक्षा दलाच्या छावणीत नेऊन १४ जूनच्या पहाटे बांगलादेशात ढकलण्यात आलं. उत्तर चोवीस परगण्याच्या एका जोडप्याचंही तेच झालं. पश्चिम बंगाल सरकारने चौकशी केली, ही माणसं भारतीय असल्याचं निष्पन्न झालं आणि मग त्यांना परत आणलं गेलं. अनोळखी देशात, खिशात काही नसताना, दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधे काढलेले ते दिवस मात्र त्यांचे त्यांनाच माहीत.

त्याच महिन्यात दिल्लीत भंगार वेचणाऱ्या बीरभूमच्या एका कुटुंबाला असंच पलीकडे ढकललं. त्यातली बाई गरोदर होती आणि सोबत लहान मुलगा होता. बांगलादेशाने त्यांना ‘बेकायदा घुसलेले भारतीय’ म्हणून तुरुंगात टाकलं. कलकत्ता उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर रोजी त्यांना परत आणण्याचा आदेश दिला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी माणुसकीच्या भूमिकेतून ५ डिसेंबर २०२५ रोजी ती बाई आणि मुलगा मायदेशी आले. भारतात भारतीय असल्याचा पुरावा द्या, बांगलादेशात भारतीय असल्याची शिक्षा भोगा, असा हा प्रकार झाला.

याला ‘पुश बॅक’ म्हणतात, आणि तो कायदेशीर हद्दपारीपेक्षा वेगळा आहे. हद्दपारीत त्या माणसाचं राष्ट्रीयत्व त्याच्या देशाच्या दूतावासाकडून तपासून घेतलं जातं. दूतावासाने होकार दिला की रीतसर कागद करून त्याला सोपवतात. पुश बॅकमध्ये रात्रीच्या अंधारात ‘चल, पुढे हो’ एवढंच असतं. चूक झाली तर ती सुधारायला कुणी उरत नाही.

आपल्या राज्याला हे नवीन नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतल्या बंगाली जरी कारागिरांना ‘बांगलादेशी’ म्हणून पोलीस बंदोबस्तात रेल्वेने नेलं जात होतं, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं होतं. तेव्हाही प्रश्न हाच होता: बंगाली बोलणारा मुसलमान म्हणजे परदेशी, असं कुणी ठरवलं?

जे खरोखरच निर्वासित आहेत त्यांचं काय

भारतीयाची चूक दुरुस्त करायला निदान एक राज्य सरकार, एक ग्रामपंचायत, एक वंशावळ तरी असते. रोहिंग्यामागे तेवढंही नाही. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात पळाले आणि कॉक्स बाजारच्या छावण्यांत राहू लागले. भारतातल्या रोहिंग्यांपैकी अनेकांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं ओळखपत्र आहे. पण सरकार ते कार्ड राहण्याचा हक्क म्हणून मानत नाही.

८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मूत डांबलेल्या रोहिंग्यांची हद्दपारी थांबवायला नकार दिला. मात्र ठरलेली कायदेशीर पद्धत पाळल्याशिवाय पाठवू नका, असंही बजावलं. मे २०२५ मध्ये दिल्लीतून नेलेल्या सुमारे ४० रोहिंग्यांना म्यानमारच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवल्याचा आरोप झाला. संयुक्त राष्ट्रांच्या म्यानमारविषयक विशेष प्रतिवेदकांनी त्याची चौकशी सुरू केली, तर सर्वोच्च न्यायालयाने या आरोपाला पुरावा काय, असा सवाल केला.

जगभर चित्र असंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने २०२४ च्या अखेरीस जबरदस्तीने घर सोडावं लागलेले १२ कोटी ३२ लाख लोक होते. ‘सगळे युरोप-अमेरिकेकडे निघालेत’ असा समज असतो, पण त्यांच्यातले बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात. श्रीमंत देशांनी सरळ दरवाजे बंद केले की माणसं होडीने निघतात. २०१४ पासून एकट्या भूमध्य समुद्रात ३० हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. दरवाजा बंद केल्याने माणसं यायची थांबली नाहीत. ती दलालांच्या हाती गेली, प्रवास महागला आणि मरण स्वस्त झालं.

आपल्या सीमेवरही तेच. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे. ७ जानेवारी २०११ रोजी कूचबिहारजवळ कुंपण ओलांडणारी १५ वर्षांची एक मुलगी गोळी लागून मेली आणि तिचं शव तासन्‌तास तारेला लटकत राहिलं. ती भारतात घुसत नव्हती. वडिलांबरोबर लग्नासाठी आपल्या देशात परत चालली होती.

पालघरला हे दुःख माहीत आहे

आपल्या जिल्ह्यात कुणी म्हणेल, सीमेचं दुःख आम्हाला काय ठाऊक? पण पालघर जिल्ह्याची एक सरहद्द समुद्रात आहे. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पाण्यावर रेघ नसते. बोट पलीकडे गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा पकडते आणि माणूस कराचीच्या तुरुंगात जातो. इकडे बायको, आई, लेकरं वर्षानुवर्षं वाट बघतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘जलपरी’ बोटीवर झालेल्या गोळीबारात वडराईचा एक मच्छीमार ठार झाला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात मरण पावला आणि त्याचा मृतदेह घरी पोचायला दीड महिना लागला.

हे खलाशी निर्वासित नाहीत, हे खरं. पण कागदाविना सीमेच्या चुकीच्या बाजूला सापडलेला गरीब माणूस, ही ओळख दोघांची एकच आहे. आणि इथे एक फरक नीट बघण्यासारखा आहे. भारत आणि पाकिस्तान, एवढं वैर असूनही, २१ मे २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात १९३ मच्छीमार होते आणि भारताच्या ताब्यात ८१. अटकेनंतर तीन महिन्यांत दूतावासाच्या अधिकाऱ्याला भेटू द्यायचं आणि राष्ट्रीयत्वाची खात्री होऊन शिक्षा संपली की महिन्याभरात सोडायचं, असं करारात लिहिलेलं आहे. अंमलबजावणी लंगडी आहे, पण निदान नाव यादीत असतं. घरच्यांना कळतं की माणूस जिवंत आहे.

डहाणूच्या आईसाठी आपण जे मागतो, म्हणजे यादीत नाव, घरी निरोप, दूतावासाची भेट आणि ठरलेली मुदत, तेच नालासोपाऱ्यातून उचललेल्या माणसासाठी मागणं म्हणजे देशद्रोह नाही. तो भारतीय असो, बांगलादेशी असो की रोहिंग्या.

कायद्याने मिळालेले हक्क

राज्यघटनेचे कलम १४ (कायद्यापुढे समानता) आणि कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) ‘व्यक्ती’साठी आहेत, फक्त नागरिकांसाठी नाहीत. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे. ११ जुलै २०२४ रोजी आसाममधल्या एका माणसाच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं की नुसत्या संशयावर कुणाला ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही, सरकारकडे आधी काहीतरी ठोस हवं. नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखेतल्या किरकोळ फरकावरून नागरिकत्व जात नाही, हेही सांगितलं. तो माणूस भारतीय ठरला. पण निकाल आला तेव्हा तो हयात नव्हता.

दुसरी बाजूही माहीत हवी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असलं म्हणजे माणूस आपोआप नागरिक ठरत नाही. ‘आधार आहे ना, मग झालं’ या भरवशावर राहू नका.

जन्माने नागरिकत्वाचा नियम असा आहे:

• २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्म: जन्म इथला, एवढं पुरेसं.
• १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ दरम्यान जन्म: आई किंवा वडील, एक जण भारतीय हवा.
• ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्म: एक जण भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

घरात आणि वस्तीत काय करावं

१. प्रत्येकाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचे कागद, जुन्या मतदार यादीतलं नाव, गावची जमीन असेल तर सातबारा, पासपोर्ट असेल तर तो, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. एक फोटोप्रत गावच्या घरी असू द्या.

२. नावं तपासा. शेख-शैख, बी-बानो, आडनाव आधी की नंतर, असे फरक आपल्याकडे घरोघरी आहेत. रीतसर दुरुस्ती करून घ्या. दलालाकडून दाखला कधीही करून घेऊ नका. बनावट कागदाची शिक्षा मोठी आहे आणि असे दाखले रद्दही होतात.

३. रूम भाड्याने देताना करार करा आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. पण भाषा ऐकून रूम नाकारू नका. बंगाली ही भारताचीही भाषा आहे.

४. कुणाला ताब्यात घेतलं तर कोणत्या ठाण्यात आणि कशासाठी, हे लगेच विचारा. अटकेचं कारण सांगणं, नातेवाईकांना कळवणं आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ‘फक्त चौकशीला नेलंय’ असं उत्तर मिळालं तर वेळ, तारीख आणि अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

५. मूळ कागद हातात देऊ नका. प्रती द्या आणि पोच घ्या. गावची ग्रामपंचायत आणि स्थानिक पोलीस ठाणे यांच्याकडून लेखी खात्री त्याच दिवशी मागवा. मीरा रोडच्या प्रकरणांनी दाखवलं की वेळ दिवसांत नाही, तासांत मोजावा लागतो.

६. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील हा कायदेशीर हक्क आहे. वसई न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करता येतो. माणूस कुठे आहे हेच कळत नसेल तर उच्च न्यायालयात ‘हेबियस कॉर्पस’ याचिका करता येते.

आणि आपण

हिजरत हा आपल्या इतिहासाचा पाया आहे. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा सुरुवातीच्या मुसलमानांना हबशाच्या ख्रिश्चन राजाने, नज्जाशीने, आश्रय दिला. कुरैशांचे दूत त्यांना परत न्यायला आले. राजाने आधी त्या परागंदा लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग त्यांना सोपवायला नकार दिला. मदीनेत अन्सारांनी मुहाजिरांना घर आणि रोजी यांत वाटेकरी केलं. सूरह तौबाच्या सहाव्या आयतीत तर आसरा मागणाऱ्या बहुदेववाद्यालाही आसरा देऊन सुरक्षित जागी पोचवण्याचा आदेश आहे. आश्रय देताना धर्म विचारायचा नाही, हे आपल्याला शिकवलेलं आहे. म्हणून ही मागणी करताना ‘आपला मुसलमान’ एवढाच विचार न करता प्रत्येक कागदहीन माणसाचा विचार करावा लागेल.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही एक सवय लागली आहे. वस्तीतून कुणाला नेलं की आपण म्हणतो, ‘बांगलादेशीच असेल, आपल्याला काय.’ शेजारी म्हणून आपल्याला निदान एवढं करता येतं: त्याचं नाव आणि गावचा फोन नंबर माहीत करून घ्यायचा, आणि त्याच्या घरच्यांबरोबर ठाण्यापर्यंत चालत जायचं. मुर्शिदाबादच्या त्या गवंड्याचे कागद घरच्यांनी पाठवले होते. ते वेळेवर बघणारं कुणी हवं होतं.